शालीकचा खड्डा भरत नाही

शालीक गेला तेव्हा मी संडासात होते. त्यानेच खोदलेल्या, त्यानेच बांधलेल्या. मधुकरने, म्हणजे त्याच्या मुलाने, बाहेरून पत्र्याचं दार वाजवलं आणि म्हणाला, "मोठीमाय, बाबा गेले." मी म्हटलं, "थांब, आले." दुसरं काय म्हणणार? गुडघ्यांमुळे मला उठायला वेळ लागतो. भिंतीत शालीकने माझ्यासाठी एक लोखंडी कडी बसवली होती, तिला धरून उठले, पाणी टाकलं, हातपाय धुतले आणि त्याच्या घरी गेले. तीन आठवडे तो खाटेवर पडूनच होता, त्यामुळे धक्का वगैरे काही बसला नाही. तोंडावरून चादर काढली. जबडा बांधायचा राहिला होता, तो मी बांधला.

गेलेल्या माणसांवर पेपरच्या पुरवणीत लिहून येतं ते मी चष्मा लावून वाचते. सगळे देवमाणूसच असतात. शालीक, शालिग्राम त्याचं पूर्ण नाव, माझा धाकटा दीर. तो चांगला माणूस होता आणि त्याच्या हातून फार वाईट झालं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक लिहून दुसरी गाळली तर ते खोटं होईल, म्हणून दोन्ही लिहिते. मी चौथी शिकले आहे, त्यामुळे जे लिहीन ते सरळ लिहीन.

आमचं गाव लोणार तालुक्यात, बीबीच्या बाजाराला जोडलेलं. मी लग्न होऊन आले तेव्हा शालीक दहा वर्षांचा होता, नाक गळत असलेला. सासू आधीच गेलेली, त्यामुळे त्याला न्हाऊ घालण्यापासून सगळं माझ्याकडे आलं. सासरा आणि माझे मालक दोघे विहिरी खोदायचे. आमच्या भागात वर हातभर माती, खाली मुरूम, मग मऊ दगड आणि त्याखाली काळा पाषाण. पाषाणात पाणी नसतं. पाणी असतं त्याच्या भेगांत, आणि भेग कुठे आहे ते वरून दिसत नाही. सासऱ्याला ते थोडंफार कळायचं. शालीकला मात्र ते असं कळायचं की लोक घाबरायचे. सब्बल, म्हणजे पहार, आपटून आवाज ऐकायचा, दगडाला हात लावायचा, ढेकूळ फोडून जिभेवर ठेवायचा आणि म्हणायचा, "इथून झरा चालला, वैनी. असा, या लिंबाखालून, खालच्या आळीकडे." पाण्याच्या चवीवरून तो विहीर ओळखायचा. एकदा दिवाळीत मी त्याला फसवायला दुसऱ्याच विहिरीचं पाणी तांब्यात दिलं. एक घोट घेतला आणि म्हणाला, "काऊन, आज आपली बादली रुसली काय? हे तर पाटलाच्या मळ्यातलं हाये." मी म्हटलं, "बे शालीक, तुही जीभ हाये का कुत्र्याचं नाक?" तर म्हणे, "दोन्ही हाये. म्हणून तर तुह्या भाजीतलं मीठ समजते मले, दादाले समजत नाई."

खालच्या आळीतली विहीर त्याची. तेव्हा वीस-बावीसचा असेल. सगळे म्हणत होते की इथे काही लागणार नाही. तो खाली उतरला की माती वर पाठवायचा आणि बोलायचा नाही. ज्या दिवशी झरा फुटला त्या दिवशी त्याने ओंजळीने पहिलं पाणी स्वतः प्यायलं, तशी रीतच आहे, खोदणारा आधी पितो आणि मग पाणी गोड की खारं ते सांगतो. खालून ओरडला, "गोड हाये रे!" दुसरा तांब्या भरून त्याने वर माझ्यासाठी पाठवला. ते पाणी मी पन्नास वर्षं प्याले. खालची-वरची दोन्ही आळ्या प्याल्या. नळ पुढे खूप उशिरा आले आणि तेही दहा-बारा दिवसांतून एकदा, म्हणून विहिरीवर मोटार बसवली, टाकी बांधली, पण पाणी शालीकच्या झऱ्याचंच राहिलं.

मग बोअरची गाडी आली. जे काम शालीक तीन महिन्यांत करायचा ते ती एका दिवसात करायची, तेही कुठे झरा आहे याचा विचार न करता. विहिरींचं काम संपलं. माझे मालक तोवर वारले होते. शालीक पारावर बसायला लागला. बसून राहिलेला माणूस घरातल्यांना जड होतो, तसा तो झाला. सुनेच्या कामात खोडी काढायचा, वरणाला नावं ठेवायचा. मी त्याला दोन-तीनदा झाडलं पण काही उपयोग झाला नाही.

आणि मग गावात संडास आले. त्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. बाईमाणसाने उभं आयुष्य अंधार पडायची वाट बघत काढलेलं असतं, पोट दाबून, बांधाच्या आड, कोणी आलं की उभं राहायचं, गेलं की बसायचं. पुरुषांना ते कधी कळलं नाही. तर संडास आले, आणि खड्डे खोदायला माणूस हवा होता. शालीक पुन्हा उभा राहिला. साहेबांनी दिलेल्या कागदावर चित्र होतं, दोन उथळ खड्डे, एक भरला की दुसरा वापरायचा. शालीकने तो कागद आडवा धरला, उभा धरला आणि हसला. "हे काय खड्डे हायेत? हे तर मांजरीनं उकरलं. दोन वर्षांत भरून जाईन. मंग उपसाले कोण येईन, साहेब येईन काय?"

हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात होता. खड्डा भरला तर उपसायचा कोणी? आमच्यात ते काम कोणी करणार नाही, आणि ज्यांच्याकडून पूर्वी असली कामं करून घेतली त्यांची पोरं शिकून पुण्याला गेली, बरं झालं. त्यामुळे सगळ्यांना कधीच न भरणारा खड्डा हवा होता, आणि असा खड्डा कसा करायचा ते फक्त शालीकला माहीत होतं. तो दहा-बारा हात खाली जायचा, मुरूम ओलांडून दगडापर्यंत, आणि दगडात भेग सापडेपर्यंत सब्बल थांबवायचा नाही. भेग सापडली की वरून बादलीभर पाणी ओतायला सांगायचा. पाणी गटकन गेलं की म्हणायचा, "झालं. आता तुह्या नातवाच्या लग्नापर्यंत पाहू नको." वरच्या आळीत असं एक घर नाही जिथे त्याने हे केलं नाही. माझ्या परसातही केलं. माझ्याकडे तर जास्तच मन लावून केलं, बारा हात पुरे.

त्याच्याकडे एक दोर होता, विहिरी मापायचा. हाता-हातावर गाठ आणि टोकाला दगड. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, शालीक तो दोर घेऊन वरच्या आळीत निघायचा. खड्ड्यावरची लहान फरशी सरकवायची, दोर सोडायचा, वर काढायचा आणि ओल्या गाठी मोजायच्या. "दोन गाठी!" असं मोठ्याने ओरडायचा, जसा काही कुस्तीचा निकाल. वर्षं गेली पण कोणाच्याही खड्ड्यात दोनच्या वर गाठ भिजली नाही. घरोघरी चहा व्हायचा. बायका नाकाला पदर लावून हसायच्या. गजानन, आमचा शेजारी, म्हणायचा, "शालीकबुवा, तुमचा खड्डा म्हणजे आमच्या जावयाचं पोट, कितीही टाका." आणि शालीक इतका खुश व्हायचा की चहा बशीभर सांडायचा. सगळे खुश होते. मीही होते. माणूस रोज खड्ड्यात इतकं टाकतो, ते जातं कुठे, हे बारा वर्षांत एकानेही विचारलं नाही. पाणी खाली जाताना बघणं ज्याचा धंदा, त्यानेही नाही.

पोरांना दरवर्षी हगवण लागायची. आम्ही म्हणायचो आंबे बाधले, हवा बदलली, दात येत आहेत. औषध आणायचो, पोरं बरी व्हायची, एखादं नाही व्हायचं.

मागच्या श्रावणात रेखा आली. मधुकरची मुलगी, शालीकची एकुलती नात, दुसरबीडला दिलेली. सातवा महिना लागला आणि रीतीप्रमाणे पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणली. तिच्या सासरी पाण्याचे जार येतात, बंद झाकणाचे. आल्या आल्या तिने विचारलं, "आबा, इथी जार भेटते काय?" शालीकचा चेहरा पाहायला हवा होता. म्हणाला, "जारातलं पाणी पिऊन तर अशी काडी झाली तू. माह्या विहिरीचं पाणी पे. लेकरू अंगठ्याएवढं असन तं मुठीएवढं होईन." आणि रोज सकाळी तो स्वतः विहिरीवर जाऊन तिच्यासाठी वेगळी कळशी भरून आणायचा. टाकीचं नको म्हणून मोटार सुरू व्हायच्या आधी, हाताने ओढून. मी हे पाहिलं आहे. काठावर उभा राहून आधी स्वतः एक घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा आणि मान हलवायचा.

भादव्यात गावातल्या लोकांचे डोळे पिवळे व्हायला लागले. आधी एक माणूस, जो मुंबईकडून काविळीतून उठून आला होता आणि वरच्या आळीत भावाकडे उतरला होता. मग खालच्या आळीत एकेक घर. माणसं आठ-दहा दिवस पडायची, उलट्या करायची, उठायची. म्हणून कोणी फार मनावर घेतलं नाही. शेजारच्या खेड्यात एकजण कावीळ उतरवायची माळ घालतो. डोक्यावर घातलेली माळ वाढत वाढत खांद्यावर उतरते, तशी कावीळ उतरते म्हणतात. रेखाचेही डोळे पिवळे झाले, तिलाही तिकडे नेली. माळ खांद्यापर्यंत आली. घरात बरं वाटलं सगळ्यांना. चौथ्या दिवशी ती मला ओळखेना. मी तिच्या उशाशी बसले होते, तिने माझ्याकडे बघून आईला विचारलं, "ही बाई कोण हाये?" मग गाडी केली, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेली. दोन दिवसांनी आधी बाळ गेलं, मग ती.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मधुकरला सांगितलं की ही कावीळ बाकीच्यांना आजारी पाडते पण पोटुशीला मारते. लवकर आणली असती तर? तर प्रयत्न केला असता, म्हणाले. पक्कं काही नव्हतं.

त्यानंतर आरोग्य केंद्राची डॉक्टरीण गावात आली. लहानशी, चष्मेवाली, पायात बूट. बाटल्यांत पाणी भरून नेलं आणि आठवड्याने परत आली. विहिरीपाशी सगळ्यांना गोळा करून तिने सांगितलं की पाण्यात माणसाची घाण आहे. लोक चिडले. गजानन म्हणाला, "ओ म्याडम, काचेसारखं पाणी हाये, वास नाई, काही नाई." ती म्हणाली की विषाणू दिसत नाही, वास येत नाही, चवही लागत नाही. आजारी माणसाच्या शौचातून तो बाहेर पडतो, डोळे पिवळे व्हायच्या आधीपासूनच, आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातो. माती जाड असली तर तिच्यात गाळला जातो, मरतो. पण दगडाच्या भेगेत गाळायला काही नसतं. मग तिने विचारलं, "या गावाखालचा दगड कसा आहे, भेगा कुठून कुठे जातात, कोणाला माहीत आहे का?"

सगळ्यांनी शालीककडे बोट केलं.

रेखाच्या तेराव्याला चारच दिवस झाले होते. पण त्याला विचारलेलं आवडलं, हे मी सांगते, माणूस असाच असतो. तो पुढे आला, उकिडवा बसला, काडी घेतली आणि धुळीत रेघ ओढायला लागला. "ही वरची आळी. हा लिंब. इथून झरा निघते, म्या सोता पाह्यला. इथं गजाननचं घर, त्याच्या परसातून जाते. इथं वैनीचं घर. मंग उतारानं असा..." डॉक्टरणीने मध्येच विचारलं, "बाबा, हे घरांपाशी गोल काय काढलेत?" तो म्हणाला, "खड्डे. संडासाचे. म्या खोदले." तिने विचारलं, "किती भरलेत?" शालीक म्हणाला, "दोन गाठी. माहा खड्डा भरत नाई." ती म्हणाली, "मग ते जातं कुठे, बाबा?"

काडी झऱ्याच्या रेघेवरच होती. विहिरीपर्यंत वीतभर राहिली होती. त्याने ती रेघ पुरी केली नाही. मग गजाननच्या बायकोने मला हळूच विचारलं, "वच्छाबाई, असं कसं झालं वं?" मी म्हटलं, "कसं झालं काय? आपण एकमेकांचं पिऊन राह्यलो बारा वर्षं." लोकांना माझं बोलणं आवडलं नाही.

पुढे जे होतं ते झालं. ग्रामपंचायतीने महिनाभर विहिरीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकली, नंतर ती टाकणारा लग्नसराईत गेला. 'पाणी पिण्यास अयोग्य' अशी पत्र्याची पाटी लावली. ती आता एकाच्या खुराड्याला दार म्हणून आहे, अक्षरं आतल्या बाजूला, कोंबड्यांनी वाचावीत म्हणून. कावीळ थांबली तशी लोकांची भीतीही थांबली.

शालीकची थांबली नाही. त्याने साहेबांचा तो जुना कागद शोधून काढला आणि घरोघरी फिरायला लागला. म्हणे, तळाशी तीन हात चिकणमाती ठोकून भेग बुजवतो, वर वाळू भरून खड्डा उथळ करतो, शेजारी दुसरा उथळ खड्डा देतो खोदून. एक भरला की बंद ठेवायचा, त्याचं खत होते. फुकट करतो. लोक आधी ऐकून घ्यायचे आणि मग एकच विचारायचे, ते खत काढील कोण. तो म्हणायचा, "मी काढतो." गजाननने तोंडावर सांगितलं, "बुवा, तुम्ही आज हात घालसान. मंग उद्या लोक म्हणतीन, हेच करा आता. पोरींची लग्नं होतीन काय आमच्या?" दुसरीकडे म्हणाले, तुमचं दुःख समजते आम्हाले. एका घरी चहा दिला आणि चहा झाल्यावर म्हणाले, पोळ्याले या, दोर घेऊन.

मग तो माझ्याकडे आला. वाटलं असेल, वैनी तरी ऐकेल. मी त्याला न्हाऊ घातलेलं. ओट्यावर बसला आणि म्हणाला, "वैनी, तुह्यापासून सुरू करतो. एक घर झालं तं बाकीचे करतीन." मी विचारलं किती दिवस. म्हणाला, एकटा आहे, महिना लागेल. मी म्हटलं, "महिनाभर मी कुठी जाऊ? गुडघे वाकत नाई माहे. बांधावर बसली तं उचलाले दोन माणसं लागतीन." तो म्हणाला, "मधुकरच्या घरी येजो." मी म्हटलं, "तुह्या घरी तं तू सोताच बुजवला." मग पुन्हा म्हणाला, "वैनी, रेखाले म्या पाजलं. रोज पाजलं." मी ते ऐकलं. ऐकून मी म्हटलं, "मी मेल्यावर बुजव. माहे असे कितीक दिवस राह्यले." तो उठला आणि गेला. जाताना दोर माझ्या ओसरीच्या खुंटीला अडकवून गेला. मला वाटलं विसरला.

स्वतःचा खड्डा मात्र त्याने खरंच बुजवला होता, एकट्याने, दगडमाती टाकून. नवा उथळ खोदायला घेतला, पण अंगात ताकद नव्हती, कमरेएवढा होऊन तसाच राहिला. मधुकर आणि सून शेजारी जायला लागले. शालीक कोणाच्या खड्ड्यात जाईना. डबा घेऊन पहाटे नाल्यापलीकडे, विहिरीच्या उताराच्या खाली जायचा, सत्तरी गाठलेला माणूस. पोरं हसायची. आणि माघात एका सकाळी दहिवराने ओल्या झालेल्या दगडावरून घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नको म्हणाला. खाटेवर पडला, तो उठलाच नाही. शेवटी शेवटी मी भेटायला जायची तेव्हा पाणी विचारलं की तो मान फिरवायचा. चमच्याने ओठ ओले केले की जिभेने चव बघायचा, जुनी सवय, आणि माझ्याकडे बघायचा. कोणतं पाणी आहे ते त्याला ओळखू येत होतं. चांगलं की वाईट, ते नाही.

हे लिहून काही होईल असं मला वाटत नाही. डॉक्टरणीची बदली झाली. चैत्र लागला, नळाला पंधरा दिवसांवर पाणी गेलं, विहिरीवर पुन्हा रांग लागते. मी पिण्याचं पाणी उकळते, शेजारणी म्हणतात म्हातारीचे चोचले. खालच्या आळीत गजाननच्या भावाची सून गरोदर आहे, पाचवा महिना. मी जाऊन तिला सांगितलं उकळून पी. ती हो म्हणाली. तिची सासू माझ्यासमोरच म्हणाली, "तुमच्या घरचा खड्डा बुजवा पह्यले." बरोबरच बोलली. मी उठून आले.

परवा तो दोर खुंटीवरून काढला. शालीक असता तर भादव्यात काढला असता, पण मला तितकं थांबवेना. परसात गेले, कडीला धरून वाकले, काठीने फरशी सरकवली आणि दोर सोडला. तळाला दगड लागल्याचा आवाज आला. हळूहळू वर ओढला आणि गाठी मोजल्या. दहा कोरड्या. दोन ओल्या.

फरशी लावली. दोर घाण झाला होता, धुवायला हौदातलं पाणी घेतलं. शालीकच्या विहिरीचं. धुतला, पिळला आणि परत खुंटीला वाळत घातला.